सहाव्या आणि सातव्या डब्याच्या मधे

मामा जेवायला येणार असला की आई आधी खिडक्या लावून घ्यायची. इगतपुरीचा गार वारा आत येऊ नये म्हणून नव्हे, आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आमच्या रेल्वे क्वार्टरची भिंत आणि शेजारच्या क्वार्टरची भिंत एकच होती, आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मामा शेजारी शेजारी पाटावर बसले की पहिल्या भाकरीचा तुकडा मोडायच्या आत भांडण सुरू व्हायचं. भांडणाचा विषय माझ्या जन्माच्या आधीपासून एकच होता. घाटातून गाडी वर कोण आणतं?

ज्यांनी हा घाट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा चढ इतका उभा आहे की पुढचं एकटं इंजिन गाडी ओढू शकत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटाशी आणखी इंजिनं लावतात. आमच्या वेळी बहुतेक मेलगाड्यांना दोन लावत. ती मागून ढकलत गाडी इगतपुरीला पोचवतात आणि तिथं सुटी होऊन परत कसाऱ्याला उतरतात. त्यांना बँकर म्हणतात. आप्पा बँकरचे ड्रायव्हर होते. उभी नोकरी त्यांनी त्या एवढ्याशा घाटात वर आणि खाली करण्यात काढली. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ वसंता, मेलगाडीचा ड्रायव्हर. तो मुंबईहून गाडी घेऊन यायचा, इगतपुरीला त्याची ड्युटी संपायची, आणि रनिंग रूममधलं, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीघरातलं, तयार जेवण सोडून तो पत्र्याची पेटी हातात घेऊन आमच्या दारात उभा राहायचा. पेटीत आईसाठी सुके बोंबील असायचे, त्यामुळे मामा आला हे डोळे मिटूनसुद्धा कळायचं.

"दाजी, गाडी मी आणतो," मामा पिठल्यात भाकरी बुडवत म्हणायचा. "तुम्ही आपले पाठीला हात लावून मागनं चालता."

"आमचा हात काढा मग एकदा," आप्पा म्हणायचे. "कसाऱ्याच्या पुढं बोगद्यात उभे राहाल शिट्ट्या मारत. वसंतराव, पुढं बसलं म्हणून कोणी गाडीचा मालक होत नाय."

"पुढचं इंजिन ओढतं म्हणून तर गाडी हलती!"

"ओढता किती? दोन डबे. बाकी सगळं ओझं माझ्या कपाळावर हाय."

मग दोन डबे की बारा डबे यावर तासभर. आई तांदळाची भाकरी थापत राहायची, कुळथाचं पिठलं वाढत राहायची, आणि दोघांपैकी कोणाचीही बाजू घ्यायची नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्हांला ते भांडण इतकं पाठ होतं की मामा नसला तर आम्हीच एक मामा आणि एक आप्पा होऊन खेळायचो. मला नेहमी आप्पा व्हायचं असायचं. ढकलणाऱ्याच्या बाजूनं असणं मला आवडायचं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज वाटतं, सगळ्या स्टेशनवर लोक पुढच्या इंजिनाकडे बघतात आणि मागच्याकडे कोणी बघत नाही, याचा मला राग यायचा. राग माझ्या नाकावरच असतो, तो अजून खाली उतरलेला नाही.

बारावीला मी नाशिकच्या कॉलेजात होते, सकाळच्या पॅसेंजरनं जायची आणि संध्याकाळी यायची. इगतपुरीचा पावसाळा चार महिने घराच्या आत राहतो. गाद्या ओल्या, काडेपेटी ओली, मीठ ओलं, आणि पुस्तकांवर हिरवट बुरशी. आईनं त्यावर उपाय काढला होता. शेगडीच्या वर तारेची जाळी टांगलेली होती, तिच्यावर बोंबील शेकत ठेवलेले असत, त्यांच्याच शेजारी ती माझी पुस्तकं उघडून पालथी घालायची. माझ्या फिजिक्सच्या पुस्तकाला परीक्षेपर्यंत बोंबलाचा वास यायचा आणि डब्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या बायका पदर नाकाला लावायच्या. अभ्यास मात्र मी जीव ओतून केला. घड्याळाची गरज नव्हती. घाट चढताना पुढचं इंजिन शिट्टी देतं, मागचं तिला उत्तर देतं. कोणत्या गाडीची शिट्टी झाली यावरून मला वेळ कळायची. एका गाडीपासून दुसऱ्या गाडीपर्यंत गणित, दुसरीपासून तिसरीपर्यंत रसायन. परवा माझ्या भाचीच्या मुलीनं सोफ्यावर पाय पसरून, मोबाईलवर, चहा पिता पिता कॉलेजांची पसंती भरली आणि वर मला विचारलं, "आजी, तुमच्या वेळी वेबसाइट हँग व्हायची का?" मी म्हटलं, आमच्या वेळी कारकून हँग व्हायचा.

ते खोटं नव्हतं. इंजिनियरिंगच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी कॉलेजच्या फळ्यावर लागायची आणि पालकाला बरोबर घेऊन मुलाखतीला जायचं असे. माझ्या मुलाखतीच्या दिवशी आप्पांना रजा मिळाली नाही. मामा ड्युटी संपवून, अंघोळ न करता, निळ्या कपड्यांवर तेलाचे डाग तसेच घेऊन माझ्याबरोबर नाशिकला आला. कारकुनानं दाखल्यांच्या गठ्ठ्यातून दोनदा एकच दाखला हरवला आणि दोनदा तो त्याच्याच कोपराखाली सापडला. शेवटी आत बोलावलं. टेबलामागे तिघे प्राध्यापक. मधल्यानं मला विचारलं, "मुली, तुला इंजिनियर कशाला व्हायचंय?" मी घरून पाठ करून नेलेलं उत्तर विसरले. मामानं जागेवरून सांगून टाकलं, "हिच्या बापाला समजावून सांगायला, साहेब, की गाडी पुढचं इंजिन ओढतं." तिघेही हसले. मला प्रवेश मिळाला. तो माझ्या गुणांमुळे मिळाला हे मी मामाला पुढची तीस वर्षं सांगत होते, त्यानं शेवटपर्यंत मानलं नाही.

आप्पांना आनंद झाला होता, पण त्यांच्या आनंदाला नेहमी एक अट जोडलेली असे. रात्रपाळीला जाताना बूट घालता घालता म्हणाले, "एक वर्ष बघू, मंदे. वर्ष गेलं तर रेल्वेत क्लार्कचा फॉर्म भरायचा. तवा नाय म्हणायचं नाय." मी मान हलवली. वर्ष कशाला जाईल, असं मला वाटत होतं.

आमच्या वर्गात साठ मुलगे आणि आम्ही चार मुली. मेकॅनिक्स शिकवायला देवरे सर होते, सटाण्याकडचे. उंच, काटकुळे, खडूनं पांढरी झालेली बाही. शिकवायचे इंग्रजीत, पण चिडले किंवा खूश झाले की त्यांच्या तोंडून अहिराणी निघायची. त्यांचा पहिला धडा फ्री बॉडीचा. एखादी वस्तू घ्यायची, कागदावर तिला आजूबाजूच्या सगळ्यांपासून सोडवायचं, आणि तिच्यावर कोण कोण जोर लावतंय तेवढं बाणांनी दाखवायचं. ऐकायला सोपं होतं. पहिल्या चाचणीत उतारावर ठेवलेला एक ठोकळा होता, वरच्या अंगाला दोरी बांधलेली, दोरी ठोकळ्याला वर ओढतेय. मी ठोकळा काढला, उतार काढला, आणि दोरीच्या जोराचा बाण ठोकळ्याच्या मागून, खालच्या बाजूनं, वर ढकलणारा काढला. एक नाही, सहाच्या सहा गणितांत. चढावर जोर मागून येतो हे मी जन्मापासून बघत आले होते, हातानं आपोआप तसा बाण काढला.

सरांनी माझी वही वर धरून वर्गाला दाखवली. "ही दोरी ढकलते आहे," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, दोरीना हाई फोर्स मांगून कोठून उना?" साठ मुलगे हसले. माझं तोंड लाल झालं आणि मी उभी राहून म्हणाले, "सर, आमच्याकडे मागूनच येतो." मग आणखी हसले. सरांनी विचारलं, आमच्याकडे म्हणजे कुठे? मी घाट सांगितला, बँकर सांगितले, आप्पा सांगितले. मागच्या बाकावरून कोणीतरी शिट्टी वाजवली आणि त्या दिवसापासून वर्गात माझं नाव बँकर पडलं. चार वर्षांत कोणी मंदाकिनी म्हटल्याचं मला आठवत नाही.

खरा घोटाळा सत्र संपताना झाला. जर्नल तपासून सरांची सही झाली की टर्म ग्रँट व्हायची, तरच परीक्षेला बसता यायचं. टर्म गेली की वर्ष गेलं. जर्नल सगळे एकमेकांचं बघून उतरवायचे, मीही उतरवलं होतं, आणि ते सरांना ठाऊक होतं. बाकीच्यांच्या जर्नलवर त्यांनी मुकाट सह्या केल्या. माझं उघडलं, मिटलं आणि परत दिलं. "तुझी सही तुझ्या गाडीवर," ते म्हणाले. "पुढे एक इंजिन, मागे दोन. मधे कुठेतरी एक जोड असा असणार की तिथं ना ओढ, ना ढकल. तो कुठल्या डब्यांच्या मधे ते मला सोमवारी दाखव. फ्री बॉडी काढून. कोणाचं बघून नाही."

गुरुवार होता. मी रडवेली होऊन घरी आले, पण मनात म्हटलं, माहिती तर घरातच आहे. आप्पांना विचारलं, तुमच्या एका इंजिनाचा जोर किती? त्यांनी जो आकडा सांगितला तो मी लिहून घेतला. शुक्रवारी मामा आला, त्याला त्याच्या इंजिनाचा विचारला, त्यानंही सांगितला. चढ सदतीसला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. डब्याचं वजन डब्यावरच लिहिलेलं असतं. सगळं मांडून बेरीज केली तर इंजिनांचा जोर चढाला लागणाऱ्या जोराच्या तिप्पट आला. त्या हिशेबानं गाडी कसाऱ्याहून सुटल्यावर थेट मनमाडला जाऊन आदळायला हवी होती. दोघांनीही आपापलं इंजिन फुगवून सांगितलं होतं. मी आप्पांकडे परत गेले तर म्हणाले, "माझा बरोबर हाय, वसंतरावाचा कमी कर." मामा म्हणाला, "दाजींचा कमी कर. लय कमी कर."

शनिवारी दुपारी मी वही पुढ्यात घेऊन स्वयंपाकघरात बसले होते. आप्पा ड्युटीवर, भाऊ शाळेत. मला क्लार्कची खुर्ची डोळ्यांसमोर दिसायला लागली होती आणि मी खरंच रडत होते. क्लार्क होण्यात कमीपणा होता असं नाही. पण मला कॉलेज आवडायला लागलं होतं, हसणाऱ्या साठ मुलग्यांसकट, आणि ते सुटेल अशी मला भीती वाटत होती. आई मेथी निवडत होती. ती म्हणाली, "पुढचं इंजिन किती डबे आणतं, येवढंच पायजे ना तुला?"

"हो."

"सहा."

मी वर पाहिलं. तिनं मेथीची काडी मोडली आणि दुसरी जुडी सोडली.

"तुला काय माहीत?"

"रोज बघते की. कपडे वाळत घालताना." तिनं पदराला हात पुसले. "ऊठ, आता मेल येईल. दाखवते."

आमच्या क्वार्टरच्या मागे कपड्यांची दोरी होती आणि तिच्यापलीकडे दहा पावलांवर रूळ. चढाचा शेवटचा भाग, गाडी तिथं माणसाच्या चालीनं येते. हवा थंड आणि लख्ख होती. आधी पुढची शिट्टी आली, मग खालून बोगद्याकडून मागची. आईनं माझं मनगट धरलं. "डबा बघू नको, दोन डब्यांच्या मधलं बघ. ती साखळी बघ."

पुढचं इंजिन गेलं. पहिल्या आणि दुसऱ्या डब्याच्या मधली कपलिंगची साखळी ताठ होती, काठीसारखी, आणि दोन्ही बाजूंचे बफर, म्हणजे डब्यांच्या टोकांचे लोखंडी दट्टे, एकमेकांपासून सुटे. "एक," आई म्हणाली. दोन, तीन, चार, पाच. सगळ्या साखळ्या ताठ, पण प्रत्येक मागची पुढचीपेक्षा जरा कमी. सहावा डबा गेला, आणि त्याच्या मागची साखळी ना ताठ, ना सैल, नुसती होती. सातव्या डब्यापासून बफर एकमेकांवर दाबलेले आणि साखळ्या खाली लोंबकळत डुलत होत्या, आमच्या दोरीवरच्या ओल्या परकरासारख्या. शेवटी आप्पांची दोन इंजिनं घरघरत गेली. मागच्या इंजिनाच्या खिडकीतून कोणीतरी हात केला, आप्पा होते की दुसरं कोणी ते मी पाहिलंच नाही. मी साखळ्या बघत होते. मला इतका आनंद झाला होता की मी आईला मिठी मारली, आणि ती म्हणाली, "अगं, हात मेथीचे हायेत."

"आई, तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"तू पोटात होती तवापासून. कधी पाच, कधी सात. जास्त करून सहा."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस कधी?"

"मला कोणी इचारलं?" ती म्हणाली. मग घराच्या पायरीशी थांबली. "आणि सांगून काय करू? वसंता रनिंग रूमचं ताट सोडून येतो तो काय माझ्या पिठल्यासाठी? त्याला ह्यांच्याशी भांडायचं असतं. ह्यांना दुसरं कोणाशी बोलता येत नाय, ठाऊक हाय ना तुला? उद्या आकडा कळला की दोघं खाली मान घालून जेवतील आन् उठतील. तू तुझ्या सरांना सांग. घरात नको."

सोमवारी मी देवरे सरांसमोर सोळा डब्यांची गाडी काढली. सहाव्या आणि सातव्याच्या मधे एक रेघ मारून ती कापली आणि त्या जागी एकही बाण काढला नाही. मग पुढच्या सहा डब्यांची फ्री बॉडी वेगळी, मागच्या दहांची वेगळी. पुढच्या भागात बाण ओढणारे, प्रत्येक डब्याला थोडे थोडे कमी होत गेलेले. मागच्या भागात ढकलणारे. सरांनी पेन्सिल घेऊन चौथ्या डब्यापाशी ठेवली आणि विचारलं, इथं किती? मी सांगितलं. अकराव्यापाशी? तेही सांगितलं. त्या कापलेल्या जागेपासून मोजलं की डब्यांचं वजन आणि चढ पुरत होता, इंजिनांचे आकडे लागतच नव्हते. मग त्यांनी पेन्सिल त्या कापलेल्या जागेवर आणली.

"तुला कसं सापडलं?"

"आईला सापडलं. साखळ्या बघून."

"आई काय करते?"

"घरी असते. कपडे वाळत घालताना बघते."

सरांनी जर्नल ओढून घेतलं, सही केली, तारीख घातली आणि हसले. "मायले सांग," ते म्हणाले, "तिनी बी टर्म ग्रँट." मी वर्गाबाहेर येऊन जिन्यावर बसले. पुढे आयुष्यभर धरणांच्या कामांवर मी किती फ्री बॉडी काढल्या असतील, पण जिथं बाण नाही ती जागा आधी शोधायची, ही सवय मला त्या दिवशी लागली. आणि कोणत्याही साइटवर गेले की तिथं रोज नुसतं बघत उभं राहणारं माणूस कोण आहे, ते मी पहिलं विचारते. विचारायचे, म्हणायला हवं. आता निवृत्त झाले.

संध्याकाळी घरी आले तर मामाची पेटी दारात. आईनं खिडक्या लावलेल्या होत्या. दोघं पाटावर बसले होते आणि माझी वाट बघत होते, कारण आप्पांना सोमवारचं माहीत होतं. मी सांगितलं, सही झाली. आप्पांनी नुसती मान हलवली, पण त्यांच्या हातातला घास तसाच राहिला होता. मग मामा म्हणाला, "सही झाली म्हणजे? आकडा काय निघाला?"

मी आईकडे पाहिलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मी म्हटलं, "निघाला काहीतरी. सरांना पटला."

"म्हणजे निघालाच नाय," मामा म्हणाला. "दाजी, पोरीनं कोणाचं तरी बघून लिवलंय."

झालं. इतक्या दिवसांचं हसणं, रडणं, सगळं एकदम डोक्यात गेलं. "सहा!" मी ओरडले. "पुढचं इंजिन सहा, मागची दहा! मी डोळ्यांनी बघितलंय, सरांनी सही केलीय, आणि मी कोणाचं बघून लिहिलेलं नाही!" पहिल्यांदाच त्या घरात जेवताना शांतता झाली. आईच्या हातातलं उलथणं थांबलं. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की जमिनीनं पोटात घ्यावं. मामा ताटाकडे बघत होता. आप्पा ताटाकडे बघत होते. आता दोघं खाली मान घालून जेवतील आणि उठतील, मामा पुढच्या वेळी रनिंग रूममध्येच जेवेल, आणि हे मी केलं.

"दहा," आप्पा हळूच म्हणाले. "वसंतराव, दहा."

मामानं मान वर केली. त्याचे डोळे चमकत होते. "दहा, पण इंजिनं किती? दोन! एकाला पाचच आले की, दाजी. माझ्या एकट्याला सहा!"

"पाच कसे? मागचं इंजिन पुढच्याला बी ढकलतं, त्याचं वजन कोण मोजणार?"

"मग माझ्या इंजिनाचं वजन काय तुमचे बँकर उचलतात?"

"आवाज कशाला वाढवता?" आप्पा एकदम म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या माझ्या दप्तराकडे. "हळू बोला, वसंतराव. पुढच्या हप्त्यात पोरीची परीक्षा हाय. तिला अभ्यास करायचाय."

मग ते दोघे, घाटात शिट्ट्या मारणारे दोन ड्रायव्हर, ताटावर वाकून, डोक्याला डोकं लावून, कुजबुजत भांडायला लागले. मामा बोटांनी डबे मोजत होता, आप्पा पिठल्याच्या रेघेनं ताटात चढ काढत होते. आईनं त्यांच्या ताटात भाकरी टाकली, ती त्यांना कळलीसुद्धा नाही. मग तिनं उठून खिडकी उघडली.